नाडीचं एक पूर्ण मिनिट

"उजवा खांदा पाऊण इंच खाली," बाबा टेप आवळत म्हणाले, आणि त्यांच्या लेकीने, शिट्टीने, ते वहीत लिहून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात स्टुलावर बसून मापं लिहायचं काम तिचं. त्या दिवशी तिच्या मांडीवर दोन वह्या होत्या. एकीत गिऱ्हाइकांची मापं आणि दुसरीत स्नायूंची नावं. पाऊण इंच ऐकल्यावर तिने कुतूहलाने मान वर केली, आणि पेन तसंच हातात राहिलं.

समोर एक उंच, चष्मेवाला तरुण हात पसरून उभा होता. देखणा होता का? होता हो, पण शिट्टीचं तिकडे लक्ष जायला जरा वेळ लागला. आधी तिला दिसली त्याची मान. ती शरीराच्या चार बोटं पुढे निघाली होती, जणू ती आधी घरी पोचणार आणि बाकीचा माणूस मागून सावकाश येणार.

"दिवसभर टेबलावर मान घालून बसता," ती म्हणाली. "आणि बॅग कायम उजव्या खांद्यावर."

तो दचकला. "छापखान्यात प्रूफं तपासतो मी. तुम्हाला कसं कळलं?"

"तू मापं लिही गं, निदान नको करूस," बाबा म्हणाले. "भावाच्या लग्नाला घालायचाय त्यांना कोट. खांद्यात गादी घालू, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"लग्न कधी आहे?"

"तीन महिन्यांनी."

शिट्टीने पेन बंद केलं. "बाबा, कापड कापू नका. दहा आठवडे द्या मला. खांदा मी वर आणते."

आता ही शिट्टी कोण, तर जिमच्या काउंटरवर बसणारी मुलगी. कुणी वजनं धाडकन आपटली की ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की ट्रेडमिलवरची माणसंसुद्धा थबकायची. तीन वर्षं तिने तिथे रजिस्टर भरलं, आणि भरता भरता प्रत्येकाचा गुडघा कुठे चुकतो ते पाहून ठेवलं. शिंप्याच्या घरात वाढलेली मुलगी, अर्ध्या इंचाचा फरक तिला लांबून दिसायचा. तिला कोच व्हायचं होतं. नुसतं गळ्यात टॉवेल टाकून फिरणारी नाही, रीतसर परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलेली.

जिमच्या मालकीणबाईंनी शब्द दिला होता. सकाळची नवशिक्यांची बॅच सर्टिफिकेट असणाऱ्यालाच मिळेल. अडीच महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेत पास झालीस तर बॅच तुझी, नाहीतर आहेच आपलं काउंटर. लेखी पेपरात तिने पहिला नंबर काढला होता. रबरी पुतळ्याची छाती दाबून प्रथमोपचाराचा दाखलाही मिळवला होता. उरली होती ती केस डायरी. जन्मात व्यायाम न केलेला एक माणूस शोधायचा, त्याला दहा आठवडे शिकवायचं, दर आठवड्याला त्याची मोजमापं लिहायची आणि शेवटी डायरीसकट त्याला परीक्षकांपुढे उभं करायचं.

"तुम्ही शेवटचं कधी धावलात?" तिने विचारलं.

"बस सुटत होती तेव्हा."

"मिळाली?"

"नाही."

"झकास," शिट्टी म्हणाली. "मला तुम्हीच हवे होतात."

हे वाक्य फार मोठ्याने निघालं. बाबांनी चष्म्याच्या वरून एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा गिऱ्हाइकाकडे, आणि कापडाची घडी करून मुकाट्याने कपाटात ठेवून दिली.

*

पहिल्या आठवड्यात प्रूफवाले पाच बैठका मारून खाली बसले ते उठेचनात.

"कोच, मला वाटतं माझे पाय संपले."

"अजून कोच नाहीये मी."

"मग होऊ घातलेल्या कोच... पाणी मिळेल?"

ती हसली. हसायचं नाही असं ठरवून आली होती, तरी हसली. तो दर वेळी वेळेआधी दहा मिनिटं यायचा. सांगितलेलं करायचा, न कळलेलं विचारायचा. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत तिचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन, परीक्षकांच्या तोंडी प्रश्नांची तयारी म्हणून तिलाच प्रश्न घालायचा. छापलेलं काही दिसलं की त्याच्या हातात आपोआप पेन्सिल यायची. पुस्तकातल्या चौतीस चुका त्याने शोधून काढल्या. पण गंमत अशी, की अकरावं प्रकरण आलं की हा पठ्ठ्या अडखळायचा. ते प्रकरण होतं कोचने पाळायच्या नियमांचं.

"नियम तिसरा?"

"शिकणाऱ्याची माहिती गुप्त ठेवावी."

"बरोबर. नियम पाचवा?"

"चौथा राहिला."

"चौथा... तो येतो तुम्हाला," तो पान उलटत म्हणायचा.

यायचा तर काय, पाठ होता तिला. शिकवणं चालू असेपर्यंत कोच आणि शिकणारा यांच्यात प्रेमसंबंध नसावेत. एकदम साधा नियम. शिट्टीला तो आधी कधीच जाचक वाटला नव्हता.

आणि मग ते नाडीचं मिनिट. दर शनिवारी व्यायामाआधी त्याने पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, मग तिने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. बाकीचे लोक पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. पुस्तकात मात्र लिहिलं होतं, पूर्ण मिनिट मोजावं. शिट्टी पुस्तकाप्रमाणे चालणारी मुलगी. पूर्ण मिनिट म्हणजे पूर्ण मिनिट. त्याच्या मनगटाला छापखान्याच्या शाईचा मंद वास यायचा. तो समोरच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे असा टक लावून बघायचा, जणू त्यातही चूक सापडणार होती.

पहिल्या शनिवारी अठ्ठ्याहत्तर ठोके भरले. व्यायाम जसजसा मुरतो तसतशी नाडी शांत होत जाते, हा कोचगिरीतला अगदी पहिला पाठ. पण चौथ्या शनिवारी झाले त्र्याऐंशी. सहाव्याला अठ्ठ्याऐंशी. आठव्याला चौऱ्याण्णव!

बाकी सगळं तर दृष्ट लागेल असं चाललं होतं. पाच बैठकांचा माणूस आता चाळीस मारत होता, मान जागेवर आली होती, जिने चढताना धाप लागत नव्हती. मग नाडीच का चढतेय? ताण जास्त होतोय का? तिने वजनं निम्म्यावर आणली.

"मी काही चुकलो का?" त्याने पडलेल्या चेहऱ्याने विचारलं.

"तुम्ही नाही. तुम्ही आधी डॉक्टरांकडे जाऊन या."

"मला काहीही झालेलं नाही, कोच."

"जाऊन या म्हटलं ना!"

तो गेला आणि कागद घेऊन आला. हृदय ठणठणीत. नाडी अडुसष्ट.

अडुसष्ट? म्हणजे आपल्यालाच मोजता येत नाही! मग शिट्टीने त्या आठवड्यात दिसेल त्याचं मनगट धरलं. बाबांचं, मालकीणबाईंचं, पोस्टमनचं, ट्रेडमिलवरच्या आजोबांचं. प्रत्येकाला मशीन लावून ताडून पाहिलं. एका ठोक्याचाही फरक नाही. नवव्या शनिवारी तिने पुन्हा त्याच्या मनगटावर बोटं टेकवली, आणि पुन्हा चौऱ्याण्णव.

जिममधले जुने कोच, मोठे सर, हे सगळं बघत होते. त्यांचे दंड घागरीएवढे. सर्टिफिकेटचा विषय निघाला की ते बाही वर सरकवून दंडच पुढे करत. "एवढा जीव कशाला काढतेस?" ते म्हणाले. "पंचाहत्तर, बहात्तर, अडुसष्ट असं उतरतं लिहून टाक. सगळे तेच करतात. कोण बघायला येतंय?"

"मीच बघते ना, सर."

"अशी डायरी दाखवलीस तर नापास करतील."

"केलं तर केलं," शिट्टी म्हणाली. "पण ज्या कागदासाठी तीन वर्षं थांबले, तो खोट्या आकड्यांवर घेऊ? मग तुमच्या दंडांनी काय घोडं मारलंय?"

सर बाही खाली करून निघून गेले. शिट्टीने चौऱ्याण्णव लिहिलं, ठसठशीत.

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाबा तिच्या टी-शर्टला इस्त्री करत होते.

"सगळं येतंय, बाबा. एका आकड्याचं कारण तेवढं सापडत नाही."

"आकडे लबाड असतात गं," बाबा कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाले. "तीस वर्षं मापं घेतोय मी. टेप लावला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं. बायको बरोबर असेल तर छातीपण फुगवतं. म्हणून मी आधी त्यांना बोलण्यात गुंतवतो... हं, घे, गरम आहे."

तिने टी-शर्ट घेतला आणि धावली. बाबांचं बोलणं कानात शिरलं होतं, डोक्यात शिरायचं होतं.

परीक्षक होत्या पन्नाशीच्या एक बाई, आवाज शांत आणि नजर धारदार. प्रूफवाल्यांना त्यांनी बैठका काढायला लावल्या, खांदे तपासले, चाल पाहिली. मान डोलावली. मग डायरी उघडली, आणि त्यांचं बोट नाडीच्या रकान्यावर थांबलं.

"हे काय? माणूस सुधारतोय आणि नाडी चढतेय?"

"हो मॅडम."

"मोजण्यात चूक?"

"नाही मॅडम. ताडून पाहिलंय."

"ताण जास्त दिलात?"

"निम्म्यावर आणला. डॉक्टरांनीही तपासलं, तिथे अडुसष्ट आली."

"मग कारण सांगा. कोचला आकडा लिहिता येऊन भागत नाही, वाचताही यायला हवा."

शिट्टीने समोर पाहिलं. प्रूफवाले खुर्चीत ताठ बसले होते, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन, भिंतीकडे टक लावून. भिंतीवर काहीही नव्हतं. टेप लावला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं... आणि अचानक तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मोजता का?"

बाईंनी मनगट धरलं. एक मिनिट गेलं. "सदुसष्ट."

"आता मी मोजते."

तिने दोन बोटं टेकवली. बोटांखालची नाडी एकदम उधळली. हा काय आजार आहे ते आता तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. ते मिनिट संपता संपेना. शाईचा तो वास... आणि तिची स्वतःची नाडी कानात वाजत होती ती वेगळीच.

"शहाण्णव," ती म्हणाली.

"निष्कर्ष?"

"मोजणाऱ्यामुळे माप बदलतंय, मॅडम." शिट्टीचा आवाज ठाम होता, गाल मात्र पेटले होते. "नाडी त्यांनी स्वतः सकाळी उठल्यावर मोजायला हवी होती. ते मी सुचवलं नाही, ही माझी चूक. शिकणारा तंदुरुस्त आहे."

"तुम्ही इतरांचीही मोजलीत ना? त्यांची का नाही बदलली?"

"ते... फक्त यांच्याच बाबतीत होतं, मॅडम."

बाईंनी डायरी मिटली. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "वीस वर्षं मी डायऱ्या तपासतेय. सगळ्यांच्या नाड्या जिन्यावरून उतरावं तशा उतरत येतात. खोट्या असतात निम्म्या. न समजलेला आकडा जसाच्या तसा लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी सही केली. "पास. अकरावं प्रकरण वाचलंय ना?"

"पाठ आहे, मॅडम."

"चौथा नियम?"

"तोही."

*

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं बाकावर बसली. सर्टिफिकेट तिच्या मांडीवर होतं. आता सकाळची बॅच तिची होती. आनंदाने ओरडावं, एक सणसणीत शिट्टी मारावी असं तिला वाटत होतं.

"कोच," तो म्हणाला. आज पहिल्यांदा ते खरं होतं. "कोर्स सोडायचा फॉर्म असतो ना?"

तिने सर्टिफिकेटवरून मान वर केली. "सोडताय?"

"आजच."

तिने डायरीच्या शेवटी जोडलेला तो फॉर्म फाडून दिला. त्याने खिशातली पेन्सिल काढली. दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी दुरुस्त करणारा माणूस स्वतःची एक ओळ लिहायला केवढा वेळ घेत होता! लिहून झाल्यावर त्याने कागद पुढे केला आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागला.

सोडण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं होतं... प्रकरण अकरावं, नियम चौथा.

शिट्टीने ते दोनदा वाचलं. मग तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. खाली कोचच्या शेऱ्यासाठी जागा होती. तिने लिहिलं, 'कारण मान्य. दोन्ही बाजूंनी लागू.' आणि सही केली.

"यात काही चूक आहे का बघ," ती म्हणाली.

त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही."

*

संध्याकाळी बाबांनी कपाटातून कापड काढलं. टेप त्याच्या खांद्यांवर टाकला, डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला.

"सारखे आहेत," ते पुटपुटले. "गादी नको."

"लिहिलं," स्टुलावरून शिट्टी म्हणाली.

बाबांनी छातीला टेप गुंडाळला. "श्वास सोडा."

"सोडलाय, काका."

"सोडलेला नाही." बाबांनी मागे वळून पाहिलं. "तू आत जा गं जरा. तू इथे आहेस तोवर याचं खरं माप काही यायचं नाही."

शिट्टी जागची हलली नाही. पेन तयार ठेवून ती नुसती हसत होती.

"आहे तेच सांगा, बाबा," ती म्हणाली. "मी तेच लिहिते."