आर्झेलचा कप

त्या दिवशी मी हातोडी घेऊन निघाले ती एक कप फोडायला. रविवारची दुपार टळली होती. मक्याची भाकरी चुलीवर तशीच टाकली आणि आजारी भावावर लक्ष ठेवायला शेजारणीला दारात बसवलं.

आम्हा काळ्या लोकांत रीत आहे. माणूस गेला की तो ज्यातून शेवटचं प्यायला ते भांडं फोडून त्याच्या कबरीच्या मातीवर ठेवायचं. अख्खं ठेवलं तर मरणाची साखळी तुटत नाही, मेलेला एकेकाला ओढून नेतो. जॉर्जियातल्या आमच्या पाइनचा चीक काढणाऱ्यांच्या छावणीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. माझ्या भावालाही ठाऊक होतं. तरी त्यानं, क्लिओफसनं, त्याच्या आर्झेलच्या मातीवर कप अख्खाच ठेवला. म्हणाला, "फोडला तर तो पिणार कशातून, ताई?"

दोघं माझ्या मागच्या खोलीत राहत. एकाच कपातून कॉफी पीत. लोकांना दिसत होतं. ज्यानं तोंड उघडलं त्याचं मी बंद केलं. आर्झेल मला चिडवायचा की ताईची कॉफी झाडाला पाजली तर चीक आपोआप गळेल.

त्याला मारलं ते पाण्यावरून. उन्हानं क्लिओफस कोसळला तेव्हा आमची बादली कोरडी होती. आर्झेलनं गोऱ्यांच्या बादलीतलं ओगराळं भरलं, क्लिओफसचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला पाजलं. कसं पाजलं, किती मायेनं, तेही मुकादम हॅस्क्यूनं पाहिलं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यानं आर्झेलचा जबडा फोडला. दात मातीत सांडले. मग त्याच बादलीत तोंड दाबून धरलं, पाय झाडायचे थांबेपर्यंत. क्लिओफसला हॅस्क्यूच्या दोन माणसांनी धरून ते बघायला लावलं.

मग हॅस्क्यू मेला. कोरड्या रानात, घोड्यावर बसल्या बसल्या. जबडा उखडलेला, छाती पाण्यानं भरलेली. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. पण त्याच दिवसापासून क्लिओफस खोकू लागला. प्रत्येक खोकल्याला ओंजळभर पाणी पडायचं.

म्हणून मी गेले.

दफनभूमीत वारा नव्हता. चिकाचा वास असा दाट की जिभेवर चव यावी. पावसाचं नाव नव्हतं, तरी कप काठोकाठ भरलेला. आणि टक्... टक्... झाडाला खाच पाडल्यासारखा आवाज. रविवारी कोण काम करतंय? आवाज जवळ आला, मग माझ्या पायांखाली गेला.

"आर्झेल," मी म्हटलं, "त्याला जगवायला तू जीव दिलास. आता तूच बुडवणार?"

आवाज थांबला. मातीतून, दात नसलेल्या तोंडातून आल्यासारखं ऐकू आलं, "त्याला... तहान लागली असेल..."

"त्याचं मी बघते."

हातोडी घातली. कप फुटला. आतलं पाणी कोमट होतं, रक्तासारखं. मातीतून गार बोटं वर आली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मी दुसरा घाव त्या बोटांवर घातला. हाड मोडलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. पकड सुटली. मी तुकडे गोळा करून मातीवर मांडले. कपाचा कान तेवढा सापडला नाही.

घरी आले तर क्लिओफस उठून बसला होता. श्वास मोकळा. डोळ्यांत पाणी, पण तोंडात नाही.

"फोडलास ना, ताई?"

"फोडला."

तो अंथरुणातून हललासुद्धा नव्हता, शेजारीण शपथेवर सांगत होती. पण त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली, आणि त्या मुठीची दोन बोटं मोडून काळीनिळी पडलेली. बोटांच्या फटीतून कपाचा कान दिसत होता.

मूठ मी उघडायला गेले तर भाऊ मला चावला.

आता हातोडी उशाशी घेऊन झोपते. खोकला परतलेला नाही. पण मूठ अजून मिटलेलीच आहे, आणि कालपासून तिच्यातून पाणी ठिबकतंय.