तेवीस वस्तूंची पिकअप

चाकं चार, स्टेपनी एक. आरसे दोन, त्यांतला एक तडकलेला. दिवे पुढे दोन, मागे एक. बॅटरी, भोंगा, जॅक, जॅकचं हँडल, चाकाचा पाना, प्लगचा पाना, हवेचा पंप, रेडिएटरचं झाकण, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, पाण्याचा डबा, ताडपत्री. दोरखंड दोन. ठेकेदाराच्या कागदावर एकूण तेवीस वस्तू होत्या. प्रत्यक्षात बावीस भरल्या.

“जॅकचं हँडल कुठे आहे?” समोरच्या मुलीने विचारलं.

ठेकेदाराचा ड्रायव्हर देवीदास बोनेटला टेकून उभा होता. त्याला वाटलं होतं, गाडी ताब्यात घ्यायला एखादा चष्मेवाला कारकून येईल. आणि आली होती ही... हातात रजिस्टर, कानामागे पेन्सिल, आणि गालावर विटांच्या लाल धुळीचा एक पट्टा, ज्याचा तिला पत्ताच नव्हता.

“स्टोअरमधी राहिलं असंन. उद्या आणतो. तुम्ही सही करून टाका ना, बाई.”

“बावीसवर?”

“एकानं काय होते?”

“एकाने तेवीस होतात,” ती म्हणाली आणि रजिस्टर मिटून चालायला लागली.

पाच वर्षं या पिकअपने पोलादाच्या प्लांटमधल्या कोक भट्ट्यांच्या बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. काम संपलं तशी ठेकेदाराने ती खुर्सीपारच्या महिला मंडळाच्या दवाखान्याला दान दिली, अडलेल्या बायांना इस्पितळात न्यायला. पण मंडळाच्या अध्यक्ष भीमाबाई दानाला बिचकत. मागच्या वर्षी दानात आलेल्या शिवणयंत्राला चाकच नव्हतं. ते अजून दवाखान्यात टेबल म्हणून उभं होतं. म्हणून यंदा मोजायला त्यांनी ललिताला धाडलं. नागपूरची बी.एस्सी., प्लांटच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथली सुट्टी झाली की ती रोज दुपारी यायची. मंडळात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. देवीदासने मात्र पहिल्याच दिवशी ठरवलं की आपण हिला काहीही म्हणू, ताई म्हणायचं नाही.

गाडी सोपवली की रविवारी त्याला बाकीच्या टोळीबरोबर कोरबाला निघायचं होतं. नवं काम, नवा ट्रक.

मंगळवारी हँडल आलं, तर चाकाचा पाना नव्हता.

“काल होता,” ललिता म्हणाली.

“होता का?”

“माझी खूण आहे इथे.”

“मग भूत लागलं गाडीले. तुम्ही येता तवाच येते बघा ते.”

तिने हसू दाबलं — ओठाच्या एकाच कोपऱ्यात. देवीदासला तेवढं पुरलं. बुधवारी पाना सापडला, आणि रेडिएटरचं झाकण गेलं.

त्याच दिवशी, ललिता निघून गेल्यावर, भीमाबाई आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “कारे देवीदास, पंचफुलाचे दिवस भरले. मागच्या खेपेले तिले बैलगाडीनं नेलं. लेकरू रस्त्यातच गेलं. तुझं हे झाकण कवा सापडन?”

गुरुवारी सकाळी देवीदासने झाकण जागेवर बसवलं, तेवीस वस्तू तीन वेळा मोजल्या, आणि मुकादम केवलरामला सांगून टाकलं की कोरबाला दुसरा ड्रायव्हर बघा.

दुपारी ललिता आली. दोनदा वाकली, टूलबॉक्स उघडला, मिटला. मग म्हणाली, “बावीस.”

“कसं होईन?”

“प्लगचा पाना नाही.”

देवीदासने तिच्याकडे पाहिलं. खांद्यावरची कापडी पिशवी एका बाजूने खाली ओढल्यासारखी लोंबत होती.

“बाई... पिशवीत काय आहे?”

“रजिस्टर.”

“रजिस्टर तर तुमच्या हातात आहे.”

तिने हातातल्या रजिस्टराकडे पाहिलं. मग पिशवीतून पाना काढून बोनेटवर ठेवला — अगदी हळू, आवाज न होता.

“पाचच मिनिटं ठेवणार होते. घड्याळ पाहूनच. पंचफुलाचं माहीत आहे मले.” एरवी पुस्तकासारखं बोलणारी ती एकदम घरच्या बोलीवर आली होती. “तुम्ही तर दोन दिवस लपवलं.”

“तुम्हाले ठाऊक होतं?”

“हरवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी तेल लावून परत येत नाही.”

“मग बोलल्या कावून नाही?”

ती पेन्सिलीशी चाळा करत राहिली. “रविवारी कोरबाला जाऊन राहिले म्हणे तुम्ही.”

“सकाळीच नाही म्हणून आलो. भीमाबाई ठेवतीन तर ही गाडी मीच चालवीन. पगार निम्मा भेटला तरी.”

“...गाडीसाठी?”

“गाडीसाठी म्हटलं तर चालंन?”

“नाही. खरं कारण पाहिजे.”

“तुमच्यासाठी, ललिता.”

बाई नाही, काही नाही. नुसतं नाव. तिने मान खाली घालून तेवीसच्या समोर खूण केली, तारीख टाकली, सही केली. सहीचा शेवटचा फाटा पार समासाबाहेर गेला.

“मी आता हो म्हटलं तर,” ती खालूनच म्हणाली, “सहीनंतर म्हटलं, सहीपायी नाही, हे ध्यानात ठेवा.”

“ठेवलं.”

“हो.”

भीमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. दोघांकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं. “झालं का मोजणं? का अजून काही पळालं?”

“तेवीस आहेत, काकू. आणि ड्रायव्हर... राहतो म्हणतात हे.”

“हे म्हणतात का? बरं,” भीमाबाई म्हणाल्या. “मग आता इस्पितळापर्यंत जाऊन पाहा. पंचफुलाले नेताना किती वेळ लागते ते मले समजलं पाहिजे. अन ताई, घड्याळ घेऊन तू बस सोबत. याच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही.”

दोघं निघाली. सेक्टर दहाच्या पुढच्या इस्पितळाच्या फाटकाला हात लावून परत आली, तेव्हा ऊन उतरलं होतं. ललिताने रजिस्टर मांडीवर घेतलं आणि नव्या पानावर पहिली नोंद केली.

जाताना: तीन मैल, चौदा मिनिटं.

येताना: तीन मैल, बावन्न मिनिटं.