दुसरी खिडकी

कुठला कॅमेरा घ्यायचा यावर बिभीषणनं दसऱ्यापासून डोकं झिजवलं होतं. तुळशीची लग्नं लागली, माणसांची दाराशी आली, तरी त्याचं ठरेना. देवळाली प्रवऱ्यात बाजारतळाजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याचा जुना कॅमेरा पार थकला होता. ऐन मंगलाष्टकात शटर अडकायचं, तोवर अक्षता पडून जायच्या, आणि नवरदेवाचा मामा याच्याकडं खाऊ का गिळू असा बघायचा. बिभीषणनं यूट्यूबवरचे झाडून सगळे व्हिडिओ बघितले. एक म्हणायचा ही कंपनी घ्या, दुसरा म्हणायचा तिच्या वाटेला जाऊ नका. ऐकून ऐकून त्याला स्वतःचं मतच उरलं नव्हतं.

त्यात लेन्सचा घोळ आणखी वेगळा. चोवीस-सत्तर ही लग्नात राबणारी लेन्स. जागचं न हलता अख्खं स्टेज मावतं, आणि तिथंच उभं राहून नवरीचं तोंडही जवळ आणता येतं. पंच्याऐंशीला हे जमत नाही. ती एका माणसाची लेन्स. मागचं सगळं विरघळून जातं आणि समोरचं एक तोंड तेवढं उरतं. त्याची बायको राजेश्वरी स्टुडिओचा अर्धा भार उचलायची, तिनं हा निकाल कधीच लावला होता. लग्नात एकटं माणूस असतं कुठं, ती म्हणाली, चोवीस-सत्तर घ्या आणि मोकळे व्हा. बिभीषणला ते पटलंही होतं. तसं सांगूनच तो सकाळच्या एसटीनं नगरला गेला.

हर्षलचं दुकान माळीवाड्याच्या अलीकडं, पहिल्या मजल्यावर होतं. हर्षल बोलायला गोड आणि कॅमेऱ्यातला दर्दी. त्यानं दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे काचेवर मांडले, चहा सांगितला आणि नव्या मशीनची खरी कमाल दाखवायला स्वतःच समोर उभा राहिला. पडद्यावर त्याच्या डाव्या डोळ्यावर एक बारीक हिरवी चौकट येऊन बसली. तो हलला की चौकट हलायची. त्यानं पाठ फिरवली, तशी डोळ्यावरची चौकट गेली आणि त्याच्या डोक्याला मोठी चौकट बसली. तोंड फिरवलं तरी माणूस सुटत नाही, हर्षल भिंतीकडं बघत म्हणाला, आता फोकस चुकायचं नाव नाही. बिभीषण खुश झाला. इतकी वर्षं आपण कशाशी झगडत होतो असं त्याला वाटलं.

मग हर्षल चहा घ्यायला बाजूला झाला. समोर पाण्याचा जार होता आणि मागं पांढरी भिंत. बारीक चौकट पडद्याच्या डाव्या कडेला गेली आणि भिंतीवर थांबली.

बिभीषणनं कॅमेरा खाली घेऊन बघितलं. भिंतीवर कॅलेंडर नाही, डाग नाही, काही नाही. त्यानं परत डोळा लावला. चौकट तिथंच होती, मध्यापासून थोडी खाली, बुटक्या बाईचा डोळा जिथं यावा तिथं. हर्षल म्हणाला, चुकतं कधीकधी, मशीनच आहे. त्यानं दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा हातात दिला. चौकट तिथंच बसली.

बिभीषणनं झूम फिरवली. चोवीसवर अख्खी भिंत आत आली, सत्तरवर फक्त जार उरला. खरं काही असतं तर ते लहानमोठं झालं असतं, जागेवरून सरकलं असतं. चौकट होती तेवढीच राहिली. खिडकीतून त्यानं कॅमेरा रस्त्यावर रोखला. रिक्षा, केळीच्या गाड्या, कॉलेजच्या पोरी, सगळ्या गर्दीत चौकटी उड्या मारत होत्या. एक तेवढी डाव्या कडेला, चालत्या रस्त्यावर, जागची हलली नाही.

ती जागा बिभीषणला पाठ होती. माऊस हातात धरून त्यानं तिथं अख्खी दुपार घालवली होती.

गेल्या उन्हाळ्यात पुणतांब्याच्या आप्पासाहेबांच्या पोराच्या, करणच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले होते. हळदीला घरासमोर मांडव होता. मागं घराची लांब भिंत, तिला एक निळी खिडकी, आणि डाव्या अंगाला एका खोलीचं दार. त्या खोलीत आप्पासाहेबांची बहीण राहायची, पुष्पावती. नवरा वारल्यावर माहेरी आली ती तिथंच राहिली. करणला तिनंच वाढवलेलं, म्हणून अख्खी आळी तिला आत्या म्हणायची. फोटोच्या वेळी ती अंग चोरून आपल्या दाराशी उभी होती. बिभीषणनंच तिला हाक मारली, "आत्या, इकडं बघा." तिनं हळदीचा हात करणच्या गालावर ठेवला आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. एवढं समाधानी तोंड त्यानं त्या लग्नात दुसरं टिपलं नाही.

लग्नानंतर जमिनीचं निघालं. भावांना तिची हक्कसोडीवर सही पाहिजे होती. ती म्हणाली, मी आंगठा द्यायची न्हाई. झालं, घरात तिचं नाव निघेनासं झालं. अल्बम छापायला जायच्या आधी आप्पासाहेब स्टुडिओत आले आणि शांतपणे म्हणाले, "हिला काढा सगळ्यातनं. आमच्या घरात दिसायला नगं." बिभीषण हो म्हणाला. आप्पासाहेबांच्या भावकीची लग्नं अजून व्हायची होती, आणि तो काही त्यांचा पंच नव्हता. अशी कामं स्टुडिओवाल्यांना नवी नसतात. शेजारचा तुकडा उचलायचा, माणसावर चिकटवायचा, कडा पुसायच्या. हळदीच्या फोटोत त्यानं उजवीकडची खिडकी उचलून डावीकडं आत्यावर आणि तिच्या दारावर बसवली. खिडकीखालचा गंजाचा ओघळ आणि मोडक्या फळीचा कोपरा दोन्हीकडं तसाच आला. त्यानं बघितलं आणि सोडून दिलं. लग्नाच्या अल्बममध्ये खिडक्या कोण मोजतं?

आखाडात एक दिवस ती स्टुडिओत आली. एसटीनं एकटीच आली होती, पदराला चिखल लागलेला. तिला अल्बम नको होता, करणबरोबरचा तेवढा एक फोटो पाहिजे होता. बिभीषणनं मान वर न करता सांगितलं की उजेड नव्हता, तुम्ही कशातच आला नाहीत.

"तूच म्हनला हुतास ना, आत्या इकडं बघा," ती म्हणाली. "मी बघितलं हुतं."

ती गेली आणि बिभीषणनं मूळ फोटो असलेलं कार्ड शोधून काढलं. ते द्यायला पाहिजे होतं, हे त्याला कळत होतं. पण उद्या ती परत आली तर खोटं बोलावं लागेल, म्हणून त्यानं कार्ड पुसूनच टाकलं. खोटं खरं करून टाकलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि त्यानंतर एसटीतून उतरणारी कुठलीही म्हातारी दिसली की तो रस्ता बदलायचा.

हर्षल विचारत होता, कॅमेरा कुठला बांधू आणि लेन्स कुठली? बिभीषणनं हातातलाच कॅमेरा पुढं केला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, पंच्याऐंशी. फोटो गेला होता, पण माणूस तर होतं ना. आपण पुणतांब्याला जायचं, आत्याला तिच्याच दारात बसवायचं, नीट उजेडात तिचा एकटीचा फोटो काढायचा आणि मोठा करून फ्रेम तिच्या हातात द्यायची. पाय धरायचे. आप्पासाहेब काय म्हणतील ते म्हणोत. हे ठरलं तसं त्याच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं.

घरी राजेश्वरी मात्र चिडली. खोकं उघडून तिनं लेन्स हातात घेतली आणि विचारलं, हिनं पंगतीचे फोटो कसे काढणार, एकेक ताट? बिभीषणला तिला खरं सांगायचं होतं. त्यानं सांगितलं नाही. सकाळी लवकर उठून तो मोटारसायकलनं निघाला. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या लागल्या, श्रीरामपूरला त्यानं भेळीचा पुडा बांधून घेतला. आत्याला भेळ आवडते, असं करण हळदीला म्हणाल्याचं त्याला आठवत होतं.

आप्पासाहेब ओसरीवर पेपर वाचत होते. फोटोग्राफर आलेला बघून त्यांना आनंदच झाला; चहा ठेवायला त्यांनी आत हाक मारली. बिभीषणनं मनाचा हिय्या केला आणि सांगून टाकलं, की आत्यांचा एक फोटो काढायला आलोय.

"कुनाच्या आत्या?"

"पुष्पावती आत्यांचा. तुमच्या बहिणीचा."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बिभीषणला बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या कुनाच्या घरचं सांगताय तुमी," ते म्हणाले. "आमी तिगं भाऊ. बहीन न्हाई आमाला."

करण गोठ्यातून हात पुसत आला. बिभीषणनं त्यालाही विचारलं. तो हसला, मला आत्या न्हाई हो, म्हणाला. खोटं बोलणारं माणूस बिभीषण रोज बघायचा, आरशातही बघायचा. करण खोटं बोलत नव्हता. करणची आई दारात उभी राहून तांदूळ पाखडत होती, तीही बुचकळ्यात पडल्यासारखी बघत होती.

"मग तुझं नाव कुणी ठेवलं?" बिभीषणनं विचारलं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. सख्खी नसेल तर चुलत, मानलेली, कुणीतरी लागतेच, आणि घरोघरी ती गोष्ट पोराला शंभरदा सांगितलेली असते. करण बोलायला गेला. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यानं आईकडं बघितलं. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"ठेवलं आसंल कुनीतरी," आप्पासाहेब म्हणाले, आणि पेपर घडी करून परत उघडला.

चहा नको म्हणून बिभीषण उठला. अंगणातून तो घराच्या लांब भिंतीकडं आला. मांडव कधीच निघाला होता, ऊन भिंतीवर सरळ पडलं होतं. तो डाव्या अंगाला दार शोधत होता. आतून कडी घातलेली असली तर हाक मारू, असं त्याच्या मनात होतं.

दार नव्हतं.

तिथं खिडकी होती. निळी. खाली गंजाचा ओघळ, फळीचा कोपरा मोडलेला. उजवीकडं चार पावलं चालून गेलं की दुसरी खिडकी, निळी, तोच ओघळ, तोच कोपरा. दोन्ही ओघळ खाली येऊन उजवीकडं वळत होते. डाव्या खिडकीच्या कडेला रंग जरा पुसट होता. घाईच्या कामात कडा तशा सुटतात. त्यानं तिथं बोट फिरवलं. भिंत खरी होती, उन्हानं तापलेली.

"ही खिडकी कधी केली?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासनं हाय," करण मागून म्हणाला.

बिभीषणला रडू आलं. भेळीचा पुडा त्यानं त्या खिडकीखाली ठेवला. मग पिशवीतून कॅमेरा काढला, पंच्याऐंशी लावली, मागं सरकत अंगणाच्या टोकाला गेला आणि डोळा लावला.

चौकट होती.

आज ती कडेला नव्हती. बरोबर मधोमध, डाव्या खिडकीच्या खाली, उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या उंचीला. बारीक, हिरवी, स्थिर. मधूनच क्षणभर मिटायची आणि परत लागायची.

करण जवळच उभा होता, तरी तो बोलला.

"आत्या, चुकलो मी. इकडं बघा."

डोळ्यावरची बारीक चौकट गेली.

तिच्या जागी मोठी चौकट आली, डोक्याएवढी.

बिभीषण वाट बघत राहिला. त्यानं परत हाक मारली. मोठी चौकट जरा वर उठली, माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतं तशी. दुकानात झूम कितीही फिरवली तरी तिचं माप हललं नव्हतं. आता ती लहान व्हायला लागली. सावकाश, एका चालीनं, भिंतीच्या आत, लहान आणि आणखी लहान.

"कुनाला म्हनताय?" करणनं विचारलं. त्याचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला होता.

पडद्यावर चौकट उरली नव्हती. कॅमेऱ्यानं आपणहून खिडक्यांवर फोकस धरला. दोन्ही सारख्याच स्वच्छ आल्या.