दाराआडून ऐकलेला सल्ला

कीर्ती गायकवाड कोट काढून खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजला. न्युरेम्बर्गच्या गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, म्हणजे शहराच्या आरोग्य कार्यालयात, परवान्याशिवाय उपचार करणाऱ्यांच्या तक्रारी तिच्याकडे येत. पलीकडून पोलीस अधिकारी ब्रांटबाई बोलत होत्या. पेग्निट्झ नदीकाठी एक मराठी बाई सापडली होती. अनवाणी, थंडीने निळी पडलेली. जीव वाचला होता, शुद्ध मात्र नव्हती.

तिचं नाव अन्वी शिर्के. बायपोलर आजारावरच्या गोळ्या तिने एकाएकी बंद केल्या होत्या.

"कुणाच्या सांगण्यावरून?" कीर्तीने विचारलं.

"नवरा एका मॅरेज काउन्सेलरचं नाव घेतोय. तुमच्याच भाषेतली आहे."

हॉस्पिटलात अन्वीचा नवरा मयुरेश भिंतीला टेकून उभा होता. बोलताना त्याच्या मुठी आवळल्या जात होत्या. दोघं ऊर्मिला देवस्थळींकडे सल्ल्याला जात. दिवाळीआधी जाणं थांबलं, त्यानंतर भेट नाही की फोन नाही. घर पुन्हा रुळावर आलं होतं. डिसेंबरात तो कामासाठी दुसऱ्या शहरात, येनाला गेला, तेव्हा डॉक्टरांनी अन्वीची सकाळची गोळी अर्धी केली. शेजारच्या नंदाताई तिला दवाखान्यात नेत, डबा करून देत. ऊर्मिलेचा प्रतापही त्यांनीच कालच्या प्रकारानंतर सांगितला.

"त्या बाईला मी सोडणार नाही," तो म्हणाला.

नंदा उबाळे एकट्या राहत. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी कीर्तीला चहा दिला आणि समोर ताठ बसल्या.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"हो. तिथल्या शेवटच्या भेटीला मी अन्वीसोबत गेले होते. मयुरेशला यायला उशीर झाला. मी बाहेर बसलेले, दाराआडून सगळं ऐकू आलं."

"शब्द आठवतात?"

"विसरेन कशी? म्हणाली, तुला बायपोलर नाहीच, हे माझं निदान. उपचार मी करते. गोळ्या सगळ्या बंद कर, सकाळची ती अर्धीसुद्धा."

"मयुरेशला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नवराबायकोच्या मधे कोण पडतं?" मग शांतपणे त्यांनी विचारलं, "शिक्षा काय होते याला? तुरुंग?"

ऊर्मिलेकडे कीर्तीला बाहेर थोडं थांबावं लागलं. आत ऊर्मिला फोनवर बोलत होती. बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक छोटं यंत्र सारखं सूं सूं करत होतं. दार पातळच होतं, पण त्या आवाजापुढे आतला एक शब्द कळत नव्हता. मुद्दाम ठेवलंय, ऊर्मिला नंतर म्हणाली. लोकांची दुःखं बाहेर जायला नकोत. पहिल्या दिवसापासून ते कधी बंद केलेलं नाही.

आरोप ऐकून तिचा चेहरा उतरला. जर्मनीत लग्नाच्या कुरबुरींवर सल्ला द्यायला तिला मुभा होती. आजाराचं निदान आणि उपचार परवान्याशिवाय केले, तर तो गुन्हा. आजार दिसला की ती डॉक्टरांकडे पाठवायची.

"कुणाचा राग आहे तुमच्यावर?"

"असेल. पण माझ्याकडे आलेल्यांची नावं मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी कीर्तीने सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. ब्रांटबाई दाराशी बसल्या. मयुरेश ऊर्मिलेकडे पाठ करून उभा राहिला.

"नंदाताई, तुमची साक्ष जरा जास्तच चोख आहे," कीर्ती म्हणाली. "निदान, उपचार, औषध बंद. कायद्याने मनाई केलेल्या तिन्ही गोष्टी एका दमात. भोंदू माणूस एखादी रेघ ओलांडतो. तिन्ही मोजून ओलांडतो तो, ज्याला रेघा पाठ आहेत. शिवाय बाहेरच्या यंत्रापुढे आतलं काही ऐकू येत नाही."

"त्या दिवशी बंद होतं ते."

"बरं, बंद होतं म्हणू. पण ती भेट दिवाळीआधीची. तेव्हा अन्वी सकाळी अख्खी गोळी घेत होती. अर्धी झाली डिसेंबरात. जी गोळी अजून अर्धी झालीच नव्हती, ती ऊर्मिलाताई बंद कर कशा म्हणतील?"

मयुरेश सावकाश वळला. त्याची नजर ऊर्मिलेला ओलांडून नंदाताईंवर गेली.

"डॉक्टरांनी ती अर्धी केली तेव्हा अन्वीशेजारी तुम्ही बसला होतात," कीर्ती म्हणाली. "ऊर्मिलाताईंचा निरोप म्हणून गोळ्या बंद करायला तुम्हीच सांगितलंत."

नंदाताईंनी नाकारलं नाही. पदर नीट केला आणि ऊर्मिलेकडे बघत बोलू लागल्या. त्याही नवऱ्याला घेऊन तिच्याकडे गेल्या होत्या. चौथ्या भेटीत ऊर्मिलेने थांबवलं. हा आजार आहे, माझ्या हद्दीतला नाही, तुम्ही डॉक्टरांकडे जा, म्हणाली. नवऱ्याने एवढंच वाक्य उचललं. घरात, पाहुण्यांत, पोरीसमोर बायकोला वेडी ठरवलं आणि पोरीला घेऊन कोलोनला निघून गेला.

"तुला तुझी हद्द प्यारी होती ना?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, हिला हद्द ओलांडल्याबद्दलच बेड्या पडू देत."

"मी तुम्हाला मदत मिळावी म्हणून पाठवलं होतं," ऊर्मिला म्हणाली.

"मला मदत नको होती. मला माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं होतं."

"आणि अन्वी?" मयुरेशचा आवाज फाटला. "तिने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

ब्रांटबाई उठून नंदाताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या.

तीन आठवड्यांनी अन्वी नीट बोलू लागली. तिचा जबाब घ्यायला गेलेल्या कीर्तीनेच तिला सगळं सांगितलं.

"निरोप सांगताना त्या नंदाने माझे केस विंचरले होते," अन्वी म्हणाली. "कोर्टात मला पुढच्या बाकावर बसवा. मान खाली घालायला लागली, तर मी तिला हाक मारणार आहे."