पाट मांडल्याचा आवाज

आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुमेधाला वाटलं, टाकी भरतेय. पंडित कॉलनीतल्या त्या इमारतीत पंप सुरू झाला की तिसऱ्या मजल्यापर्यंतचे पाइप खडखडायचे. पण घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि हा आवाज पाण्याचा नव्हता. लाकूड फरशीवरून ओढल्याचा होता. एक लांब खर्रर्र, थोडा थांबा, मग जागेवर नीट बसवल्यासारखं एक टक्.

आई जाऊन चार दिवस झाले होते. पाहुणे पांगले होते. घरात ती आणि बाबा, दोघंच.

सकाळी तिने फ्रिज पुढे ओढून पाहिला. सिंकखालचं कपाट रिकामं केलं. खिडकीच्या जाळीतून पारवे आत शिरतात का तेही बघितलं. पुण्यात ती पुलांच्या तपासणीचं काम करायची. आवाज आला म्हणजे काहीतरी हलतंय, आणि जे हलतंय ते शोधलं की सापडतं, हे तिला बारा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या आल्हादला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, मीच विचारणार होतो. रात्री दोनला कसलं फर्निचर हलवता? बायको म्हणाली, सुतकातलं घर आहे, भांडायला जाऊ नकोस." मग तो स्वतःच ओशाळला. "मोहिनीकाकू असत्या तर मलाच झापलं असतं त्यांनी."

कामाला येणाऱ्या भागीबाईपुढे तिने पोळपाट फरशीवर ओढून दाखवला. "असा. पण याहून जड."

"ह्यो तं बसायचा पाट मांडल्यावानी," भागीबाई म्हणाली. "पण तुमच्याकडं पाट हायेत कुठं? सगळे टेबलावर जेवता."

पाट होते. तीन. वीस वर्षांपूर्वी डायनिंग टेबल आलं तेव्हा आईने ते जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकले होते. सुमेधा स्टुलावर चढली. गाठ पक्की होती. गाठीवरची धूळही तशीच होती.

"घेऊन जा," तिने गाठोडं भागीबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"आत्ता? सुतक तरी फिटू द्या की."

"आत्ताच ने."

भागीबाई कुरकुरत रिक्षातून पाट घेऊन गेली. त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात खर्रर्र झालं. मग टक्.

आवाजाचं एक वेळ चाललं असतं. तिला काळजी होती ती बाबांची. आवाज आला की ते उठत, भिंत धरत स्वयंपाकघरात जात आणि उजाडेपर्यंत परत येत नसत. सकाळी ती त्यांना नुसत्या फरशीवर मांडी घालून बसलेलं बघायची, पाठ ताठ, ओठ काळपटलेले. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयात दोन स्टेंट. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांची झोप झालीच पाहिजे. असंच चाललं तर आठवडाभरसुद्धा निभणार नाही." गोळी लिहून दिली. बाबा ती घेईनात. "मला झोपायचं नाहीये," एवढंच म्हणाले.

तिला कारण कळतंय असं वाटत होतं. आई आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग एकटी जेवली. पन्नास वर्षांत बाबा एकदाही तिच्यासाठी थांबले नव्हते. आता थांबत असतील. सुमेधाला त्यांची कीव आली आणि थोडा रागही.

दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि गुरुजी मागे सरकायच्या आत कावळा शिवला. "समाधानानं गेल्या," ते म्हणाले. बाबा पिंडाकडे बघत नव्हते. सुमेधाकडे बघत होते.

अकराव्या रात्री तिने फोन रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर ठेवला. सकाळी गॅलरीत उभं राहून इअरफोन लावले. खर्रर्र. टक्. मग बाबांचा आवाज, दबका, चिडलेला.

"मी बसतोय ना. तिला झोपू दे."

यानंतर एक बोदा आवाज. कोणी कोणाला ढकलल्यासारखा. आणि धापा टाकत पुन्हा बाबा, "मी बसतोय."

त्या रात्री तिने गोळी कुटून दुधात घातली. बाबांनी पेला रिकामा केल्यावरच तिने विचारलं.

"बाबा, रात्री कोणाशी बोलता? आईशी?"

"तुझी आई गेली, सुमे. कावळा लगेच शिवला, तू बघितलंस. ही ती नाही."

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर चार निळे वण होते, बोटांएवढे. "मी बसलो की उठवते. मी परत बसतो. सकाळपर्यंत हेच."

"पण कशासाठी?"

"अमरधाममधून निघताना तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"म्हणालीस. हॉस्पिटलमधून रोज निघताना म्हणायचीस तेच. चितेकडे बघून. 'येते गं.'"

सुमेधाला आठवलं. तोंडातून गेलं होतं. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे वळण जिभेला बोलायला लागल्यापासून लागलेलं. पण तिथून निघताना काहीच म्हणायचं नसतं. गप्प निघायचं असतं.

"त्या दिवशी आणखी तीन चिता पेटलेल्या होत्या," बाबा म्हणाले. "तुझं कोणी ऐकलं, कोण जाणे. पण ऐकलं. येते म्हणालीस, म्हणून पाट मांडतेय. मी बसलो की जागा भरते. उद्या तेरावा झाला की तू पुण्याला जा. तोवर..."

त्यांची जीभ जड झाली. त्यांनी पेल्याकडे बघितलं.

"दुधात काय घातलंस?"

तिने गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"सुमे, मला जागं ठेव."

तिने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. उभं करून हॉलमधून चालवलं. काळी कॉफी पाजली, ती हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळली. एक वाजता ते तिच्या खांद्यावरच झोपले. तिने त्यांना पलंगावर निजवलं आणि दार लावून आतून कडी घातली.

श्वास संथ चालला होता. ओठांना रंग आला होता. गेल्या बारा दिवसांत ते इतके शांत दिसले नव्हते.

दोन वाजून दहा.

खर्रर्र. टक्.

ती हलली नाही. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पुन्हा.

खर्रर्र. टक्.

दुसरा.

दोन पाट आजवर कधी मांडले गेले नव्हते.

तिने बाबांचा खांदा धरून हलवला. मान नुसती डुलली. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि जीव खाऊन हाक मारली, "बाबा!"

तिचे ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली. खोलीत काहीही ऐकू आलं नाही.

हाक स्वयंपाकघरातून आली. तिच्याच आवाजात, जेवायला बोलवावं इतकी सहज.

"बाबा."

बाबांनी डोळे न उघडता त्या बाजूला तोंड वळवलं.

"आलो गं," ते म्हणाले.