पायाकडची बाजू

शिरवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी मालाचा दर्जा तपासते. एक केस सापडला तरी अख्खा घाणा फेकायला लावणारी बाई म्हणून तिथे माझी ख्याती आहे. घाणीची मला भीती वाटत नाही, किळस येते. आणि किळस आली की ती वस्तू घरात राहत नाही.

माझ्या सासूबाई हरणाबाई, आमच्या रीतीप्रमाणे आत्या, आटपाडीजवळच्या घरात एकट्या राहायच्या. सासरे केरबा जन्मभर मेंढरांमागे फिरले आणि शेवटी सांगलीच्या दवाखान्यात वारले. मेंढरं त्याच्या कितीतरी आधी विकून झाली होती. पुढे एकदा आत्या अंधारात धडपडल्या, तेव्हा जयराजने, माझ्या नवऱ्याने, त्यांच्यासाठी पलंग घेतला आणि त्याच्या पायांखाली वजन ओळखणारे सेन्सर बसवले. कुणी पलंगावर टेकलं की आम्हाला इकडे फोनवर दिसायचं, वजनासकट. कुणी उतरलं की पॅसेजमधला दिवा आपोआप लागायचा. जयराज अशाच कामातला, त्यामुळे हौसेला तोटा नव्हता.

फोन सांगत होता त्यावरून आत्या भरपूर आराम करत होत्या. जरा जास्तच. दिवसभर पलंग भरलेला. मग एकदा व्हिडिओ कॉलवर त्या भाकरी थापत बसलेल्या दिसल्या आणि त्याच वेळी फोन म्हणत होता, पलंगावर माणूस आहे.

"आत्या, पलंगावर कोण झोपलंय?"

"कोण झोपतंय? मी तर खालीच पडते. गादी लय मऊ हाय ती."

"मग वजन कसलं दिसतंय?"

त्यांनी भाकरी उलटली. "ह्यांचं घोंगडं हातरलंय."

जयराज हसला. मला हसू आलं नाही. त्यांच्या घरची एक रीत मला ठाऊक होती. माणूस मेंढरं घेऊन घाटाखाली गेला, की मागे राहिलेल्या बाईने त्याचं अंथरूण गुंडाळायचं नाही. तो परतला की मगच झटकायचं. पण माणूस वारल्यावर ते अंथरूण घराबाहेर काढायचं असतं. आत्यांनी ते पुन्हा घातलं होतं. आणि घोंगडं कितीही जड असलं तरी दिवसागणिक त्याचं वजन वाढत नाही. हे वाढत होतं.

रविवारी आम्ही गेलो. दार उघडताच वास आला. ओल्या मेंढरांचा, विटलेल्या दुधाचा, मुताचा. बाहेर जीभ सुकवणारं आटपाडीचं ऊन आणि आत हा असा दमट वास. मी पदर नाकाला लावला, तरी तो तोंडात उतरून जिभेवर बसला. आत्या पुढे आल्या आणि जयराजचा चेहराच उतरला. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. ही बाई महिन्याभरात निम्मी झाली होती.

"आये, जेवतीस का न्हाई?"

"लय जेवते रं. अंगी लागंना झालंय."

मी पलंगापाशी गेले. काळं घोंगडं पांढऱ्या चादरीवर पसरलं होतं आणि मधोमध फुगलं होतं. मी एक टोक उचललं. ते ओलं होतं. कोमटही होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. खालच्या बाजूला लोकरीत गोचिडी होत्या. भिजवलेल्या वाटाण्याएवढ्या, राखाडी, टम्म फुगलेल्या. कैक वर्षांत त्या घरात जनावर नव्हतं. माझ्या अंगठ्याखाली एक फुटली आणि मनगटापर्यंत रक्त ओघळलं. दाट, ताजं रक्त. मी मोरीत जाऊन ओकले.

परत आले तर आत्या घोंगड्यावरून हात फिरवत बसल्या होत्या.

"आत्या, हे काय आहे?"

"आदी नुसतं पाय हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता गळ्यापातुर आलंय."

जयराज म्हणाला, "आये, गप."

मी ते घोंगडं काठीने ओढत अंगणात नेलं. डिझेल ओतलं. लोकर पेटत नाही, धुमसते. जळक्या केसांचा चिकट धूर अंगणभर झाला. आत्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "जाळू नगंस, पोरी. त्यांनी टेकायचं कुठं?" मला दया आली नाही. मी काठीने ते उलटत राहिले.

आत गादी उघडी पडली होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

जयराजने फोन माझ्यापुढे धरला.

वजन तेवढंच होतं.

त्याने घराचा मेन फ्यूज काढून खिशात टाकला. आम्ही आत्यांना गाडीत बसवलं आणि घराला कुलूप लावलं.

शिरवळला आल्यावर आत्या सुधारल्या. गाल भरले, बांगड्या मनगटावर थांबल्या. खोलीत स्वच्छ सतरंजी, धुतलेली चादर, फिनाइलचा वास. मी जिंकले होते आणि ते मला मनापासून आवडत होतं.

मग एका सकाळी चहा घेताना दोघांचे फोन एकदम वाजले. पलंग रिकामा. पॅसेजमधला दिवा लावला आहे.

जयराजने कप खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन कपाटाचा खण उघडला. आटपाडीहून आणलेला फ्यूज तिथेच होता.

आत्यांना आम्ही काही सांगितलं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी स्वतःच्या शेजारी माझी कोरी चादर घालून दुसरं अंथरूण टाकलं.

"हे कुणाला, आत्या?"

"येत्यात की. चालत यायचं, येळ लागंल."

तेव्हापासून त्या रोज ते अंथरूण टाकतात आणि मी रोज सकाळी ते गुंडाळते. भांडत नाही. त्या खुशीत असतात, जेवतात. पण परवा भाजी निवडताना त्यांच्या बांगड्या पुन्हा कोपराकडे सरकताना मी पाहिल्या.

आज अंथरूण गुंडाळायला घेतलं. उशीकडची बाजू सहज उचलली गेली.

पायाकडची बाजू जड लागली.