गाद्यांचं कपाट

"गेट मीच उघडं टाकलं," बाबा पुन्हा एकदा म्हणाले आणि अनवाणीच समुद्राकडे धावत सुटले. आई तर केव्हाच तिकडे गेली होती. पोलिसांना फोन झाला होता.

लपाछपी खेळता खेळता सहा वर्षांची जाई नाहीशी झाली होती. इथल्या शाळांची जूनची सुट्टी, रणरणती दुपार, आणि भुयारी रस्ता ओलांडला की ईस्ट कोस्टचा समुद्र! राज्य इरावर होतं. धाकट्या बहिणीला शोधायचं कामच तिचं, आणि तीच सापडत नव्हती.

"शी वेंट आउट, लाह," इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत तन्मय हळूच म्हणाला. इराचा हा दोस्त शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पासिर रिसहून सुट्टीत राहायला आला होता.

"मग तिच्या चपला दारात कशा?"

"बेअरफूट गेली असेल."

"जाई? उन्हात? बाथरूमलासुद्धा चपला मागते ती. आईला सांगितलं, तर म्हणाली, लहान पोरांचं काय धरून बसतेस."

मोठ्या माणसांचं हे असं असतं. एकदा एका दिशेला पळत सुटली, की मागे वळून बघतील तर शपथ.

इराने पुन्हा घर धुंडाळायला घेतलं. महिन्यापूर्वी इथे आले तेव्हा सगळे हरखले होते. कुण्या जपानी मालकाने आपल्या देशासारखं बांधून घेतलेलं घर: जमिनीवर गवती चटया, सरकती कागदी दारं, भिंतीत खोलच खोल कपाटं. एका कपाटात आईने पहिल्याच दिवशी घरातल्या झाडून सगळ्या गाद्या थेट वरपर्यंत रचल्या होत्या. तेच कपाट आता रिकामं होतं.

"अंकलनी हे दोनदा बघितलं," तन्मय म्हणाला. "नथिंग, लाह."

"रिकामं का आहे पण?"

"गाद्यांना वास येत होता. अंकलनी उन्हात टाकल्या ना."

"कधी?"

तन्मयने आठवून पाहिलं. "तू आकडे मोजत होतीस तेव्हा."

म्हणजे जाई लपायला पळाली तेव्हा गाद्या इथेच होत्या, वरपर्यंत! इरा कपाटाच्या मधल्या कप्प्यावर चढली आणि तिने वर बघितलं. कपाटाच्या छताची एक लाकडी फळी जराशी वाकडी बसली होती. तिच्या कडेला धुळीत इवलीशी बोटं उमटली होती.

"जाई!"

इराने टाचा उंचावल्या, पण हात पुरेना. तन्मय पळत जाऊन अंगणातली एक गादी फरफटत घेऊन आला. तिची घडी घालून इरा वर चढली, दोन्ही हातांनी फळी ढकलली, आणि भट्टीसारखी धग तोंडावर आली. कौलांखालच्या अंधारात, हाताच्या अंतरावर, जाई घामाने निथळत निपचित पडली होती.

इरा रडत नव्हती. तिला रडायला वेळच नव्हता. काखेत हात घालून तिने जाईला ओढलं, खाली तन्मयने झेललं. ओल्या पंच्याने तोंड पुसलं, मान पुसली. "डोळे उघड गं, डोळे उघड," इरा म्हणतच राहिली. शेवटी एक पापणी हलली.

"इराताई, मी किती ओरडले," जाई पुटपुटली. "खाली गाद्याच नव्हत्या. मग फळी पडली."

तन्मय समुद्राकडे बोलवायला धावला. आई-बाबा आणि त्यांच्याबरोबर एक पोलीसबाई धापा टाकत आले तेव्हा जाई घोट घोट पाणी पीत होती. पोलीसबाईंनी तिची नाडी पाहून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि दोघा मुलांच्या पाठीवर थाप मारली. "गुड वर्क, यू टू."

आईने जाईला छातीशी धरलं. दुसऱ्या हाताने इराला जवळ ओढलं ते सोडेचना.

बाबा कपाटासमोर बसून राहिले. आपण अंगणात काठीने गाद्या धबाधब झोडपत होतो, तेव्हाच वरून पोर हाका मारत होती, हे त्यांच्या आता ध्यानात आलं होतं.

"मी दोनदा बघितलं, इरा," ते म्हणाले. "रिकामं दिसलं, म्हणून पुढे गेलो. तू थांबलीस."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच इराने बाबांना रडताना पाहिलं.